सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील ऑटो इलेक्ट्रिशियन आणि माझी जुनी व्हीटेक

माझ्या 2002 सालच्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये एसी आणि हेडलाइट एकत्र चालू केले की बॅटरीवरील व्होल्टेज 12.3 पर्यंत घसरत असे. वास्तविक इंजिन चालू असताना ते साधारण 13.8 ते 14.4 असायला हवे. आधीच्या एका गॅरेजने काहीही न तपासता नवी बॅटरी गळ्यात मारली होती. होटगी रस्त्यावरील या छोट्या दुकानातील मिस्त्रींनी मात्र प्रथम व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा व बॅटरी चार्ज करणारा भाग) उघडून, त्याच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश व ते जिच्यावर घासतात ती चरे पडलेली स्लिप रिंग दाखवली. अल्टरनेटर बदलला, तरी बॅटरीवर 13.5 च्या वर मिळेना. अल्टरनेटरच्या टर्मिनलवर मात्र 14.3 होते, म्हणजे उरलेले व्होल्टेज जुन्या वायरीत आणि हिरवट गंज चढलेल्या अर्थिंगच्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरीच्या) जोडात वाया जात होते. इथेच त्यांचे कौशल्य दिसले. जाड वायर टाकून, जोडाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासल्यावर सर्व भार चालू असतानाही 14.1 मिळू लागले. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट मात्र सैल राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या किंचाळण्यामुळे पुन्हा जावे लागले. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही.