आठ महिन्यांनंतर तीच टोपली

कोरेगाव पार्कातील या आशियाई रेस्टॉरंटमध्ये मी नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा गेलो आणि जुलैपर्यंत तेथे चार वेळा जेवलो. पहिल्या तीन वेळांच्या भरवशावर चौथ्या खेपेस आईला आग्रहाने सोबत नेले आणि तिच्यासमोरच माझी फजिती झाली.

येथील हार गावसाठी, म्हणजे कोळंबीच्या डिमसमसाठी, मी मुद्दाम वाट वाकडी करून जात असे. गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओकाचे पीठ उकळत्या पाण्यात मळून केलेली त्याची पारी वाफेवर इतकी पारदर्शक होते की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते, आणि नोव्हेंबरमध्ये ती तशी दिसलीही होती. या वेळी बांबूच्या टोपलीचे झाकण काढले, तर पाऱ्या पांढुरक्या आणि कडेला सुकलेल्या होत्या. पहिला नग चॉपस्टिकने उचलताच त्याचा तळ खालच्या कागदालाच चिकटून राहिला आणि कोळंबी तेवढी वर आली. दर गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक वळणाऱ्या आईने तो तुकडा बोटांनी चाचपला आणि "ही आजची उकड नाही रे," एवढेच ती म्हणाली.

पूर्वी चार नग 480 रुपयांना मिळत, आता तीन नगांना 620 रुपये पडतात. म्हणजे नगामागे 120 रुपयांचे जवळपास 207 झाले. कोळंबी महागली असेल, जागेचे भाडेही वाढले असेल, तेवढे मी समजून घेतो. पण शिळ्या पारीला जास्त पैसे का मोजावेत, हे मला कळत नाही. थाई ग्रीन करीत गवती चहाचा मागमूस नव्हता, नारळाचे दूध तेवढे गोडसर लागत होते आणि भाताचे पैसे वेगळे होते. जास्मिन चहा मात्र पूर्वीइतकाच चांगला होता आणि वेटरही अदबीने वागला.

बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला होता आणि त्या रकमेवरही जीएसटी आकारला होता. असा आकार सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच स्पष्ट केले असून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले आहे, हे मी व्यवस्थापकांच्या कानावर घातले. त्यांनी एका शब्दानेही वाद न घालता दुसरे बिल आणून दिले, यावरून त्यांनाही नियम ठाऊक असावा. आम्ही निघत असताना शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या बिलात मात्र तो आकार जसाच्या तसा होता.