डिशवॉशरचा ड्रेन पंप आणि दाराचं सील घरीच बदललं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीन ६० सेंटिमीटर रुंदीचं, समोरून उघडणारं, वॉरंटी संपलेलं. गेल्या पावसाळ्यात ड्रेन पंप (घाण पाणी बाहेर फेकणारा) आणि दाराचं सील असे दोन सुटे भाग बसवले, दोन्ही कंपॅटिबल, म्हणजे मशीनच्या कंपनीचे नाहीत पण त्यात बसणारे. तेव्हापासून रोज रात्री एक फेरी, कढया-कुकर असले की ७० अंशांवर. पंप आजही ठणठणीत आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर कंपॅटिबलच घेईन. सील मात्र ओरिजिनलच घ्यावं.

आधी एक गोष्ट. तळाशी पाणी साचलं म्हणून लगेच पंप मागवू नका, बऱ्याचदा पंप चांगलाच असतो. प्लग काढा (नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही), नळ बंद करा, खालचा रॅक आणि फिल्टर काढून उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. फिल्टरच्या खड्ड्यात बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, ते चमच्याच्या टोकाने उचकटलं की निघतं. आत लिंबाची बी, काचेचा तुकडा, टूथपिक, चिंचेचा चोथा, काहीही सापडू शकतं. बोट घालण्याआधी टॉर्च मारून बघा, काच असली तर कापतं. झाकण परत बसवताना टक् आवाज यायला हवा. बॉश-सीमेन्सच्या मशीनवर ई२५ हा कोड पंप अडकल्याचा किंवा हे झाकण नीट न बसल्याचा असतो. ई२४ आला तर आधी ड्रेनचा पाइप दुमडलाय का आणि सिंकखालच्या जोडावर खरकटं अडकलंय का ते बघा. आपल्याकडे हा पाइप भिंतीतल्या सांडपाण्याच्या नळात खोलवर कोंबून ठेवायची पद्धत आहे. त्याने सायफन होऊन (पाणी आपोआप खाली ओढलं जाऊन) धुण्याचं पाणी मध्येच निघून जातं, नाहीतर घाण पाणी उलटं येतं. पाइपला आधी वर वळण देऊन मगच जोडायचं.

झाकण काढल्यावर पंपाची पाती बोटाने फिरवून बघा. ती सलग फिरत नाहीत, अडखळत टप्प्याटप्प्याने फिरतात आणि मध्ये थोडी मोकळी हलतात. पंप खराब झाल्याची खूण म्हणून पुष्कळ जण हेच सांगतात, पण ते चूक आहे. रोटर (मोटरचा आतला फिरणारा भाग) कायमच्या चुंबकाचा असल्यामुळे तो अडखळणारच, आणि मोटरला सुरू होताना गती पकडता यावी म्हणून ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. उलट पाती अजिबात न अडखळता भिरभिरली, तर दांडा किंवा रोटर तुटलाय. मल्टीमीटरने पंपाच्या दोन टोकांमधला रोध मोजा. २३० व्होल्टच्या साधारण ३० वॉटच्या पंपाला दीडशे-दोनशे ओहमच्या आसपास वाचन येतं. काहीच वाचन नसेल तर कॉइल जळलीय, आणि मगच नवीन पंप.

मागवताना नुसता मॉडेलचा नंबर पुरत नाही. दाराच्या कडेवरच्या पट्टीवर पूर्ण नंबर असतो. बॉश-सीमेन्समध्ये त्याच्याजवळच एफडी नंबर असतो, त्याच्या पहिल्या दोन आकड्यांत २० मिळवले की बेरजेच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून उत्पादनाचं साल निघतं, पुढचे दोन आकडे महिन्याचे: ९८०५ म्हणजे ९८ + २० = ११८, म्हणून २०१८चा मे. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पंपाची पकड बदललेली असू शकते. अमेरिकेतल्या नातलगांकडून पार्ट मागवणाऱ्यांनी लेबल नीट वाचावं. तिकडचा पंप दिसायला हुबेहूब सारखा असला तरी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर जळतो. युरोपातला २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झचा चालतो.

बदलायचं काम तासाभराचं. मशीन बाहेर ओढा, मिठाच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघा, दाराला टेप लावा आणि जुनी गोधडी पसरून दोघांनी मिळून मशीन पाठीवर आडवं करा. तळाची पत्री बहुतेक टॉर्क्स टी-२० (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंवर असते, साध्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खराब होतात. वायरींचा फोटो काढा, दोन्ही कनेक्टर प्लास्टिकला धरून ओढा, वायरला नाही. लॉकची जीभ दाबून पंप पाव फेरा फिरवला की सुटतो. सुटताना मगभर घाण पाणी सांडतंच, खाली फडकं ठेवा.

नव्या पंपाचं रबरी ओ-रिंग (गळती थांबवणारं गोल कडं) कोरडं ढकलू नका, दुमडतं आणि मग थेंब थेंब गळतं. त्याला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात लावा. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावायचा मोह आवरा, तेलाने हे रबर फुगतं. मशीन उभं केलं की पत्री लावण्याआधी टबमध्ये दोनेक लिटर पाणी ओतून रीसेट करा आणि पंप पाणी काढताना ओ-रिंगभोवती टॉर्च मारून बघा. गळती राहिली तर पाणी तळाच्या ताटात साचतं, थर्माकोलचा फ्लोट वर उचलला जातो आणि मशीन ई१५ दाखवून धुणं थांबवतं. (भांडी घासायचं नेहमीचं लिक्विड मशीनमध्ये ओतलं तरी फेसाने हेच होतं, तेव्हा पंपाला दोष देऊ नका.)

कंपॅटिबल पंपाचा आवाज पहिल्या दिवसापासून जुन्यापेक्षा थोडा मोठा आहे, पाणी संपत आलं की जास्त घरघरतो. तो वाढला मात्र नाही. किंमत ओरिजिनलच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तेवढं चालवून घेता येतं.

सीलचं तसं नाही. ही तिन्ही बाजूंनी खाचेत दाबून बसवायची पट्टी. गोंद लागत नाही. वरच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे उतरत जायचं, कोपऱ्यात ताणायचं नाही. पट्टी आधी कोमट पाण्यात ठेवली की नरम पडते. कंपॅटिबल सील लांबीला जरा जास्त भरलं आणि कोपऱ्यात सुरकुती पडली. ७० अंशांच्या फेऱ्यांनी दोनेक महिन्यांत कडक झालं, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून वाफेचं पाणी फरशीवर यायला लागलं. ओरिजिनल बसवल्यापासून फरशी कोरडी आहे. दाराच्या खालच्या कडेला वेगळं छोटं सील असतं, तेही त्याच वेळी बदला, किरकोळ किमतीत येतं.

हीटर जोडलेला मोठा पंप आणि कंट्रोल बोर्ड मात्र घरी बदलायच्या फंदात पडू नका. बोर्ड बहुतेक वेळा मॉडेलप्रमाणे कोडिंग केल्याशिवाय चालत नाही आणि सुटा घेतला तर दुकानदार परत घेत नाही. तिथे कंपनीच्या माणसाकडून आधी लेखी अंदाज घ्या. तो आकडा नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला, तर जुन्या मशीनचे रॅक, चाकं आणि फिल्टर काढून ठेवा नि मशीन भंगारात द्या.