१५, १७ की १९? आउटबोर्ड इंजिनासाठी प्रोपेलरचा पिच निवडताना

बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, म्हणजे आउटबोर्ड, इंजिनाचा प्रोपेलर बदलायला निघालेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : बोट आणखी किती पळेल? हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण पिच निवडताना तो पहिला असू नये. नेहमीची माणसे, नेहमीचे सामान आणि भरलेली टाकी घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडला असता इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, आणि ते फेरे इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसतात का, हे आधी पाहायला हवे. त्याचे उत्तर हाती असल्याशिवाय वेगाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

प्रोपेलरच्या हबवर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर, १३¼ × १७ अशा प्रकारचे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, आणि दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू पिळावा तसा प्रोपेलर पाण्यात शिरला, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल तितका त्याचा पिच. पाणी अर्थातच लाकडासारखे घट्ट नसते, त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमी सरकते आणि या तुटीला स्लिप म्हणतात. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटींमध्ये साधारण १० ते २० टक्के स्लिप असणे ठीक मानले जाते. स्लिप म्हणजे वाया गेलेली शक्ती असे समजून ती शून्यावर आणायची धडपड काही जण करतात. परंतु पात्याला पाणी मागे ढकलायचे असेल तर थोडी स्लिप लागतेच, ती नसेल तर रेटाही मिळणार नाही.

मोटारीला पाच-सहा गिअर असतात, आउटबोर्डला पुढे जाण्यासाठी एकच. म्हणून पिच निवडणे म्हणजे दिवसभर बदलता न येणारा गिअर निवडणे होय. लहान पिच हा चढावाचा गिअर आणि मोठा पिच हा सपाट रस्त्याचा. पिच एक इंचाने वाढवला की पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे साधारण १५० ते २०० ने उतरतात आणि एक इंचाने कमी केला की तितकेच चढतात. हा अंदाज काटेकोर नसला, तरी प्रत्यक्ष निवडीत पुरेसा उपयोगी पडतो.

एकच बोट, तीन प्रोपेलर

समजा, इंजिनाची पूर्ण थ्रॉटलवरची मर्यादा ५००० ते ६००० फेरे आहे, गिअरचे प्रमाण २.०८ आहे (म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांत प्रोपेलरचा एक फेरा), आणि बोटीवर सध्या १७ पिचचा तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा प्रोपेलर आहे. दोघे जण बसले असता इंजिन ५७०० फेरे घेते, सहा जण आणि सामान असेल तर ५३५०. हा प्रोपेलर दोन्ही वेळा मर्यादेत राहतो. जीपीएसवर दोघांसह ३२.५ नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, दिसतात. पडताळा पाहायचा तर फेऱ्यांना पिचने गुणावे, गिअरच्या प्रमाणाने भागावे आणि पुन्हा १२१५ ने भागावे; नॉटमधला सैद्धांतिक वेग मिळतो. येथे तो सुमारे ३८.३ येतो, म्हणजे स्लिप १५ टक्क्यांच्या आसपास. बोट आणि प्रोपेलर यांचे जमले आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता १९ पिच लावून पाहू. दोघांसह फेरे ५३५० च्या जवळ येतील आणि वेग फार तर नॉटभर वाढेल, कारण पिच वाढला तरी फेरे उतरले आणि स्लिपही थोडी वाढली. सहा जण बसले की फेरे ४९५० वर घसरतील, म्हणजे मर्यादेच्या खाली. ज्या दिवशी बोटीवर सर्वांत जास्त माणसे आहेत, नेमक्या त्या दिवशी इंजिन सर्वांत जास्त गुदमरणार. एका नॉटसाठी हा सौदा मला मान्य नाही.

१५ पिचवर चित्र उलटे होते. सहा जणांसह ५७५० फेरे मिळतात, बोट चटकन पाण्यावर उचलते आणि कमी वेगातही उचललेली राहते. मात्र दोघेच असतील तर फेरे ६०५० पर्यंत जाऊन मर्यादा ओलांडतात. तेव्हा थ्रॉटल थोडा मागे घ्यावा लागतो आणि वरचा वेग दोन-तीन नॉटने कमी पडतो. बोट बहुतेक वेळा भरलेली असेल तर १५ योग्य. कधी भरलेली, कधी रिकामी असेल तर १७ योग्य, आणि प्रोपेलरच्या त्याच मालिकेत १६ पिच मिळत असेल तर त्याचा विचार जरूर करावा. १९ तेव्हाच योग्य, जेव्हा १७ वर हलकी बोट ६००० च्या पुढे जाऊ पाहते.

दोन चुकांपैकी घातक कोणती

पिच फार लहान असेल तर ती चूक ऐकू येते. इंजिन किंचाळते, नव्या इंजिनांत फेऱ्यांना लगाम घालणारा रेव्ह लिमिटर मध्ये पडून ठिणगी किंवा इंधन तोडतो आणि झटके जाणवतात. चालवणारा आपोआप हात आखडतो. जुन्या, लिमिटर नसलेल्या इंजिनाला हे धोक्याचे आहेच, पण निदान चूक लपून राहत नाही.

पिच फार मोठा असेल तर इंजिनाचा आवाज शांत, जड आणि कानाला बरा वाटतो. फेरे कमी म्हणजे इंजिनाला आराम, अशी समजूत होते आणि माणूस वर्षानुवर्षे तसाच चालवत राहतो. वस्तुतः उघडलेल्या थ्रॉटलवर फेरे घेऊ न शकणारे इंजिन आराम करत नसते. चढावावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या गाडीसारखी त्याची अवस्था असते : सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, काजळी धरते, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो आणि इंधन नीट जळण्याऐवजी त्याचा अनियंत्रित स्फोट होण्याची, म्हणजे डिटोनेशनची, शक्यता निर्माण होते. मर्यादेच्या खालच्या टोकाला, किंवा त्याही खाली, रोज राबणारे इंजिन लवकर झिजते. म्हणूनच दोन पिचमध्ये मन अडकले असेल, तर मी लहान पिच घ्यायला सांगतो, आणि भरलेल्या बोटीवर फेरे मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवायला सांगतो.

मोठ्या पिचचा फटका मी स्वतः सुकाणूवर बसून अनुभवला आहे. बोटीवर मोठा पिच होता आणि सहा माणसे होती. थ्रॉटल पूर्ण पुढे केला, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उठली आणि समोरचे पाणी दिसेनासे झाले. मागे पाण्याचा डोंगर उभा राहिला, फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा ३५०० च्या आसपास थरथरत अडकला आणि बोट ना खाली बसेना, ना उचलेना. अखेर मागच्या बाकावरच्या दोघांना पुढे सरकवले, तेव्हा कुठे नाळ खाली आली. त्या अवधीत समोर पोहणारा माणूस असता, तर तो मला दिसला नसता. पुढे दोन इंच कमी पिच लावला, तीच माणसे बसली आणि बोट काही क्षणांत सपाट झाली. तेव्हापासून पिच हा मला केवळ इंजिनाचा प्रश्न वाटत नाही. नाळ किती वेळ वर राहते आणि समोरचे किती वेळ दिसत नाही, हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

इंधनाविषयी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : मोठ्या पिचवर तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो, मग इंधन वाचणार. हलक्या बोटीवर, आणि पूर्ण थ्रॉटलचे फेरे मर्यादेत असतील तोवर, यात तथ्य आहे. पण बोट जड झाली की कमी फेऱ्यांत ती उचललेली राहत नाही, पुन्हा पुन्हा खाली बसते, आणि प्रत्येक वेळी तिला उचलण्यासाठी थ्रॉटल उघडावा लागतो. तिथे वाचलेले इंधन तिथेच जाते.

मोजमाप करताना

खरेदीआधीची चाचणी नीट केली तर अर्धी चूक टळते. रिकाम्या बोटीवर आणि पाव टाकीवर घेतलेले आकडे दिशाभूल करतात. नेहमीचा भार घ्यावा, मोकळे आणि शांत पाणी पाहावे, थ्रॉटल पूर्ण उघडून ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, हळूहळू वर करावा आणि प्रोपेलर हवा ओढू लागण्याच्या अगोदर जे सर्वाधिक स्थिर फेरे मिळतात ते टिपावेत. वेग जीपीएसवरून घ्यावा, आणि प्रवाह किंवा वारा असेल तर जाता-येता दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढावी. शून्यावरून बोट उचलायला किती सेकंद लागतात तेही लिहावे. हा आकडा बरेच जण घेत नाहीत, आणि रोजच्या वापरात तोच सर्वांत जास्त जाणवतो.

फेरे कमी किंवा जास्त दिसले की लगेच पिचला दोष देऊ नये. टॅकोमीटरच्या मागच्या बाजूला इंजिनानुसार लावायचा खटका असतो. तो चुकीच्या जागी असेल तर सगळी गणितेच चुकतात. तळाला शेवाळ धरले असेल किंवा तळात पाणी साचले असेल, तर फेरे उतरतात. पात्याची कड वाकली असेल तर बोट थरथरते. इंजिन फार उंच बसवले असेल तर वळणावर प्रोपेलर हवा खातो आणि फेरे एकदम चढतात. हे पिच बदलून जात नाही, इंजिन बसवायच्या बोल्टच्या एका भोकाने खाली घ्यावे लागते. प्रोपेलरच्या मध्यातला रबरी हब सैल झाला असेल, तरीही फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. याची परीक्षा सोपी आहे : आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी, बोट जोरात चालवून आणावी आणि रेघ तुटली आहे का ते पाहावे. रेघ सरकलेली दिसली तर नवा पिच नव्हे, नवा हब हवा.

पिचशिवायचे फरक

आकडा तोच असला तरी दोन प्रोपेलर सारखे वागत नाहीत. स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, भाराखाली वाकत नाहीत, त्यामुळे वेग आणि पकड दोन्ही सुधारतात. पण खडकावर आपटली तर धक्का पात्यात न मुरता गिअरपर्यंत पोहोचण्याचा धोका अधिक. ॲल्युमिनियमचे पाते वाकते, तुटते आणि पुष्कळदा गिअर वाचवते. उथळ आणि खडकाळ पाण्यात मी ॲल्युमिनियमच लावीन. पात्याच्या मागच्या कडेला दिलेला वळसा, ज्याला कप म्हणतात, तो पाणी घट्ट धरतो आणि पिच अर्ध्या ते एक इंचाने वाढवल्यासारखा परिणाम करतो. म्हणून साध्या प्रोपेलरवरून कप असलेल्याकडे जाताना तोच आकडा घेतला तर फेरे थोडे उतरतील, हे गृहीत धरावे.

चार पात्यांचा प्रोपेलर पाण्याला अधिक धरून राहतो, कमी थरथरतो, वळणावर कमी सुटतो आणि जड बोट लवकर उचलतो. त्याबदल्यात वरच्या वेगातला थोडा भाग जातो आणि फेरेही उतरतात, त्यामुळे तीन पात्यांवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंचाने कमी घेण्याची पद्धत आहे. दिवसभर पाण्यावर स्कीइंग करणारे, म्हणजे स्कीअर, ओढायचे असतील, तर पिच एक-दोन इंच कमी करून चार पाती, ही निवड मला तीन पात्यांच्या कोणत्याही प्रोपेलरहून सरस वाटते. जड, संथ, पाण्यावर न उचलणाऱ्या बोटीचा मामला निराळाच : तिथे वेगाचे बंधन बोटीच्या लांबीचे असते, म्हणून मोठा व्यास, लहान पिच आणि शक्य असेल तर जास्त प्रमाणाचा गिअर असलेले इंजिन हवे. अशा बोटीवर पिच वाढवून काहीही हाती लागत नाही.

उंचावरच्या तलावात बोट चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दर ३०० मीटरला इंजिनाची शक्ती साधारण ३ टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर ही घट १५ टक्क्यांच्या घरात जाते. समुद्रसपाटीला नेमका बसलेला पिच तिथे मोठा ठरतो आणि एक-दोन इंच खाली यावे लागते. परत समुद्रावर आल्यावर मात्र तोच प्रोपेलर फेरे मर्यादेबाहेर नेईल, म्हणून अशा माणसाला दोन प्रोपेलर बाळगण्यावाचून गत्यंतर नाही.

खरे तर प्रत्येकानेच दोन बाळगावेत. नवा बसवला की जुना विकू नये. तो शाबूत असेल तर जास्तीचा नट, थ्रस्ट वॉशर, कॉटर पिन आणि पान्यासह बोटीवरच ठेवावा. बदलताना वॉशर कोणत्या क्रमाने निघाले याचा फोनवर फोटो काढावा, शाफ्टच्या दात्यांना पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे, आणि प्रोपेलर बाहेर असतानाच शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस गुंडाळली गेली आहे का ते बोटाने चाचपून पाहावे, कारण तो बारीक धागा सील कापतो आणि पाणी गिअरच्या तेलात शिरू लागते.