मोफत वकील की लोकपाल? एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी आधी कोणतं दार ठोठवावं

सासरच्यांनी घराबाहेर काढलेली एक बाई आणि ऑपरेशनची तारीख देऊनही ऑपरेशन न करता परत पाठवलेला एक माणूस मला एकाच आठवड्यात भेटले. दोघंही पॉझिटिव्ह, दोघांची औषधं नियमित चालू. मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं: "विधी सेवा प्राधिकरणात जाऊ, तिथे वकील फुकट मिळतो." बाईच्या बाबतीत ते उत्तर बरोबर होतं. त्या दादांच्या बाबतीत चूक होतं, आणि ती चूक माझी होती. हर्नियाच्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसाचे दहा-बारा दिवस मी कागदपत्रांत घालवले. त्यांना वकील नको होता, दवाखान्याला "ऑपरेशन करा" असं सांगणारा माणूस हवा होता. कायद्याने तो माणूस नेमलेला आहे. एचआयव्हीच्या कायद्याखाली त्याला लोकपाल म्हणतात.

त्यानंतर कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुम्हाला कोर्टात बोलणारं कोणी हवंय, की कोर्टात न जाता आदेश हवाय? पुढची सगळी तुलना याच प्रश्नावर उभी आहे.

विधी सेवा प्राधिकरण: वकील मिळतो, खर्च वाचतो

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा आमच्यासारखे स्वयंसेवक लिहून देतात. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळं प्राधिकरण भरतं. वकिलाने तुमच्याकडे पैसे मागितले तर सचिवांना सांगा. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात आणि अशी तक्रार ते हलक्यात घेत नाहीत.

इथे एक मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटतं की एचआयव्हीचा रिपोर्ट दाखवला की मोफत वकील मिळतो. कायद्याच्या कलम १२ मध्ये एचआयव्ही असा वेगळा गट नाही. त्यात स्त्रिया आणि मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले लोक आहेत, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आहेत. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. पुरुष या बाकीच्या कुठल्याच गटात बसत नसेल तर त्याला उत्पन्नाच्या आधारावरच अर्ज करावा लागतो.

पहिल्यांदा हे ऐकून वाईट वाटतं, पण याची दुसरी बाजू फार मोलाची आहे. बाई असाल तर उत्पन्न कितीही असो, केवळ बाई म्हणून तुम्हाला वकील मिळतो. म्हणजे खिडकीवर रिपोर्ट दाखवायची गरजच नाही. "सासरच्यांनी घराबाहेर काढलंय, पोटगी हवीय" एवढं लिहिलं तरी अर्ज पूर्ण होतो. आजाराची गोष्ट फक्त वकिलाला सांगायची, तीही दार लावून, एकांतात. मी बायकांना नेहमी सांगते, अर्जात एचआयव्हीचा उल्लेख करूच नका.

कमकुवत बाजूही सांगायला हवी. पॅनेलवरचे वकील सगळ्या प्रकारच्या केसेस बघतात. एचआयव्हीचा कायदा त्यातल्या फार थोड्यांनी उघडून वाचलेला असतो. एका ताईंच्या वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात, चार लोकांसमोर, मोठ्या आवाजात त्यांच्या आजाराचं नाव घेतलं होतं. त्या ताई पुढच्या दोन तारखांना आल्याच नाहीत. आम्ही लेखी विनंती केली आणि वकील बदलून मिळाला. हा हक्क लक्षात ठेवा: पटलं नाही तर वकील बदलून मागता येतो, आणि त्यासाठी कोणाचे पाय धरावे लागत नाहीत.

लोकपाल: वकील लागत नाही, वेळ ठरलेली आहे

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, दवाखाना, भाड्याचं घर, विमा, सार्वजनिक सोयी यांत एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करायला त्याच्या कलम ३ ने बंदी घातली आहे. ही बंदी खासगी दवाखान्याला, खासगी कंपनीला आणि घरमालकालाही लागू आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण समोरचा माणूस ठासून म्हणतो, "आमचं प्रायव्हेट आहे."

याच कायद्याने राज्य सरकारांना लोकपाल नेमायला सांगितलं. भेदभावाची आणि उपचार नाकारल्याची तक्रार त्यांच्याकडे जाते. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो. जिवावरची निकड असेल तर शक्यतो २४ तासांत. दिवाणी दाव्याच्या तारखा पाहिलेल्या माणसाला हा आकडा खरा वाटत नाही, पण कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे. आदेश पाळला नाही तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही पाळला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत. मोठ्या दवाखान्याला ही रक्कम किरकोळ आहे, हे मला मान्य आहे. पण दिवसागणिक वाढणारा दंड कागदावर दिसला की व्यवस्थापनातला कोणीतरी फोन करतोच.

लोकपाल काय करू शकत नाही तेही नीट समजून घ्या. पोटगी, घटस्फोट, जमिनीची वाटणी, वारसाहक्क हे त्यांच्या हातात नाही. त्यासाठी कोर्टच.

अडचण प्रत्यक्षात येते ती पत्त्याची. लोकपाल कोण, कुठे बसतात, हे तालुक्याच्या ठिकाणी कोणाला सांगता येत नाही. आपापल्या सिव्हिलमधल्या डापकूमध्ये, म्हणजे जिल्हा एड्स नियंत्रण कक्षात विचारा, किंवा वडाळ्याच्या महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेला पत्र टाका. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या कौन्सेलर ताईंनाही बहुधा माहिती असते.

त्याआधी एक जवळची पायरी आहे, ती चुकवू नका. १०० किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. दवाखान्यांसाठी ही संख्या फक्त २० आहे. म्हणजे जिल्ह्याच्या गावातलं बऱ्यापैकी मोठं कुठलंही हॉस्पिटल यात येतं. "तुमचे एचआयव्ही कायद्याखालचे तक्रार अधिकारी कोण?" हा प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोच लोकपालांकडे पुरावा होते.

नाव कुठे झाकलं जातं

खरं तर पैशापेक्षा हाच प्रश्न मोठा असतो. म्हणून इथे थोडं मागे जाते.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्याला नेलं आणि ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. अलग ठेवण्याची ती तरतूद न्यायालयाने उचलून धरली. त्या खटल्याला आजही तिच्याच नावाने ओळखतात. सगळ्या गोव्याला घर माहीत, माणूस माहीत, आजार माहीत. पुढे डॉमिनिकने याच कामासाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

डॉमिनिकला डांबल्यानंतर आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच मुंबई उच्च न्यायालयात एका सरकारी मालकीच्या कंपनीतला रोजंदारी कामगार उभा राहिला. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याचं काम काढून घेतलं होतं. तो 'एमएक्स' या नावाने लढला, कंपनीला 'झेडवाय' म्हटलं गेलं. माणूस काम करायला तंदुरुस्त असेल आणि इतरांना धोका नसेल तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या कामगाराचं खरं नाव मला माहीत नाही. कोणालाच माहीत असू नये, आणि तरी तो जिंकला.

जे तेव्हा असा कायदा नसताना न्यायालयाने दिलं, ते आता २०१७ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. तुम्ही अर्ज केलात तर न्यायालय टोपणनावाने केस चालवू शकतं, सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतं, नाव छापायला मनाई करू शकतं. शिवाय अशा केसेस प्राधान्याने घ्यायच्या असतात. कोर्टाच्या कामात कळलेली माहिती कोणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय फोडली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी दवाखान्यातल्या रक्तातून एचआयव्ही झालेल्या हवाई दलाच्या माजी कर्मचाऱ्याला सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई दिली. त्याच निकालात सगळ्या न्यायालयांना हे कलम पाळण्याबद्दल सूचना आहेत. तुमच्या वकिलांना हा निकाल सांगा आणि अर्जाला जोडायला सांगा.

म्हणून गुप्ततेच्या बाबतीत कोर्ट धोक्याचं आणि लोकपाल सुरक्षित, असा सरळ हिशेब नाही. कलम ३४ चा अर्ज पहिल्याच दिवशी पडला तर कोर्टातही नाव झाकलेलं राहतं. तो उशिरा पडला तर बोर्डावर नाव लागून गेलेलं असतं, आणि मग झाकायला काही उरत नाही.

बाकीची दारं, थोडक्यात

मुंबईतल्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार मोफत आहे, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते आणि आयोग शिफारस करतो. सरकारी दवाखान्याने किंवा पोलिसांनी छळलं असेल तर हे दार चांगलं, खासगी मालकाविरुद्ध नाही.

ग्राहक आयोग पैसे भरून घेतलेल्या उपचारातल्या हलगर्जीपणासाठी. मुदत २ वर्षं. उपचारच नाकारला असेल तर मी तिकडे पाठवत नाही.

कायम लोकअदालतीत दवाखान्याचे आणि विम्याचे वाद जातात, फी लागत नाही. तिथे तडजोड झाली नाही तर निकालही देता येतो. साधी लोकअदालत मात्र फक्त तडजोडीवर चालते, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या बायकांना माझी कळकळीची विनंती आहे: "पन्नास हजार घे आणि सही कर" असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी सही करू नका. घरी या, शेतीचा सातबारा काढा, नवऱ्याच्या फंडाची आणि विम्याची चौकशी करा, मग ठरवा. घाईत केलेल्या सह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत तीन बायकांचा हिस्सा गेलाय.

मग तुम्ही काय निवडाल?

दवाखान्याने ऑपरेशन, बाळंतपण, दाताचं काम नाकारलं: आधी तक्रार अधिकारी, आणि निकड असेल तर त्याच दिवशी लोकपाल. वकिलाची वाट बघू नका. दवाखाने तोंडाने कधीच "एचआयव्ही आहे म्हणून नाही" असं म्हणत नाहीत. मशीन बिघडलंय, भूलतज्ज्ञ सुट्टीवर आहेत, असं सांगतात. म्हणून आधी दिलेली तारीख असलेला कागद जपून ठेवा आणि नकार लेखी मागा.

नोकरीवरून काढलं: इथे मी दोन्ही दारं एकदम ठोठवायला सांगते. लोकपालांकडे भेदभावाची तक्रार, आणि विधी सेवेचा वकील कामगार न्यायालयासाठी, कारण मागचा पगार आणि ग्रॅच्युइटी तिथूनच वसूल होते.

घरातून काढलं, पोटगी, जमीन, मुलांचा ताबा: विधी सेवा प्राधिकरण. वकिलाला २०१७ च्या कायद्याचं कलम २९ दाखवा. बाई असो वा १८ वर्षांखालचं मूल, एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क त्यात दिला आहे. हा हक्क फक्त पॉझिटिव्ह व्यक्तीला नाही. पॉझिटिव्ह माणसासोबत राहणाऱ्या किंवा राहिलेल्या बाईला स्वतःचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी तो आहे. नवऱ्याच्या मागे "तूच त्याला आजार दिलास" म्हणून हाकललेल्या कितीतरी बायकांना हे सांगणारं कोणी भेटलेलंच नसतं.

तुमच्या संमतीशिवाय कोणी रिपोर्ट फोडला: लोकपालांकडे जा, आणि विधी सेवेच्या वकिलाकडून नोटीसही पाठवा. तुमच्या तोंडून आजार वदवून घेण्याचा अधिकार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही नाही.

ज्यांना काहीच सुचत नाही त्यांनी फोनपासून सुरुवात करावी. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७. पहिल्या फोनवर नाव सांगायची गरज नाही.

त्या घराबाहेर काढलेल्या बाई आता त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात, कोर्टाच्या अंतरिम आदेशावर. कलम ३४ चा अर्ज त्यांच्या वकिलांनी पहिल्या तारखेलाच दिला होता. कोर्टाच्या बोर्डावर त्यांच्या जागी फक्त दोन अक्षरं लागतात, आणि शिपायाने ती पुकारली की त्या गर्दीतून शांतपणे उठून आत जातात.