टाटा मेमोरियल, परळ : मामाच्या लाळग्रंथीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट

मामाच्या कानाखाली गाठ आली, दुखत नव्हती काही नाही, म्हणून गावाकडे अँटिबायोटिकवर वेळ गेला आणि मग एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) म्हणाले, या, भूल देऊन पटकन गाठ काढून टाकू. तिथे काढली नाही हे नशीब. कारण त्या पॅरोटिड ग्रंथीच्या (कानाखालची लाळग्रंथी) मधूनच चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही, आणि नुसती गाठ उकरली तर ती परत यायची भीती ते वेगळंच.

टाटात गर्दी असणारच, देशभरातून पेशंट येतात. फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट ते विचारतात. बाहेर सुईची तपासणी केली असेल तर रिपोर्टबरोबर स्लाइडसुद्धा न्या, इथे परत बघतात. डॉक्टरांनी मामाला भुवया वर करायला, डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला आणि शिट्टी मारायला लावलं, आम्हाला कळेना काय चाललंय, तर नस शाबूत आहे का ते बघत होते!

मामाचा म्युकोएपिडर्मॉइड (लाळग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, हाय ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक, म्हणून आधी ऑपरेशन मग शेक (रेडिएशन). मामीचं एकच, केमो का नाही देत? तर या कॅन्सरवर मेन इलाज ऑपरेशनच, केमोचा तितका उपयोग होत नाही. लो ग्रेड असेल आणि कडा क्लिअर आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही, तर बऱ्याचदा शेकही लागत नाही. सॅलिव्हरी डक्ट नावाच्या प्रकारात हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) तपासून त्यावर काम करणारी ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं देतात काहींना. अडिनॉइड सिस्टिक या आणखी एका प्रकारवाल्यांनी मात्र फॉलोअप सोडू नका, तो नसांच्या कडेने पसरतो आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसात दिसू शकतो.

शेकाआधी डेंटलला पाठवतात, किडलेले दात काढून घेतात, कंटाळा करू नका, नंतर दात काढला तर जबड्याची जखम लवकर भरत नाही. शेक साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे मुंबईत राहायची सोय आधी बघा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंट राहतात, तिथे चौकशी करा.

आता मामाचा डोळा नीट मिटतो. फक्त मिसळ खाताना त्या बाजूच्या गालावर घाम येतो, या ऑपरेशननंतर काहींना होतं तसं, रुमाल जवळ ठेवतो. आमच्याकडून पाच स्टार.