एका पितळी गिअरसाठी भोसरीपर्यंत

बाबांचं ओडनर, हँडल फिरवायचं स्वीडिश गणनयंत्र, बेरजेत हातचा खायला लागलं होतं. 999 मध्ये 1 मिळवला की शेवटची दोन शून्यं यायची, शेकड्याचा 9 जागचा हलायचा नाही. उघडलं तर मधल्या 20 दात्यांच्या चाकाचे तीन दाते झिजून सुईसारखे टोकदार झालेले.

आधी एकाने गिअर करून दिला होता. त्याने झिजलेल्याच चाकाचं माप घेतलं, त्यामुळे नवा गिअरही ढिलाच बसला. पैसे गेले ते गेलेच.

भोसरीच्या या छोट्या वर्कशॉपमधल्या काकांनी मात्र आधी यंत्र मागितलं. दोन शाफ्टमधलं, म्हणजे चाकं ज्यांवर फिरतात त्या दांड्यांमधलं अंतर मोजलं, 16 मिलिमीटर. जोडीतली दोन्ही चाकं 20 दात्यांची, म्हणजे मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) 0.8 आणि बाहेरचा व्यास 17.6. जुन्या चाकावर व्हर्नियर 17.3 दाखवत होता. "दाता खोटं बोलतो, शाफ्ट नाही बोलत," काका म्हणाले. मला तिथेच भरवसा वाटला.

स्टीलचा करा म्हटलं, तर नको म्हणाले. स्टील शेजारचं पितळी चाक खाऊन टाकेल.

650 रुपये, नऊ दिवस. दोन दिवस उशीर झाला आणि फोन मलाच करावा लागला, एवढीच तक्रार. दात्यांच्या कडा मात्र हाताने कानस मारून मऊ केलेल्या होत्या.

घरी बसवून शून्यातून 1 वजा केला. सगळे 9 ओळीने उभे राहिले, म्हणजे हातचा शेवटपर्यंत पोचला, आणि शून्याखाली गेल्याची घंटी वाजली. आई स्वयंपाकघरातून धावत आली.