डायल गेज: बीमचा वर्षानुवर्षांचा झोळ मोजायला कितपत कामाचा?

डायल गेज म्हणजे टेकवलेल्या दांडीचे सरकणे काट्याने दाखवणारे मापक. ०.०१ मिमी लीस्ट काउंटचा (म्हणजे इतका बारीक फरक वाचणारा) यांत्रिक डायल गेज २४ तासांच्या भार-चाचणीला उत्तमच. पण काँक्रीटचा बीम कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे खाली उतरतो, ते मोजायला हाच गेज लावणार असाल तर आधी त्याची रेंज, म्हणजे दांडी एकूण किती सरकू शकते ते बघा.

कायमचा भार येताच बीम ८ मिमी वाकला आणि वरच्या बाजूला दाब घेणाऱ्या सळ्या नसल्या, तर एसीआय ३१८ या अमेरिकी काँक्रीट संहितेच्या गुणकांप्रमाणे तीन महिन्यांत आणखी ८, वर्षात ११.२ आणि पाच वर्षांत १६ मिमी झोळ वाढेल असा अंदाज निघतो. वर बीमच्या छेदाच्या १ टक्का सळ्या असल्या, तर पाच वर्षांची वाढ १०.७ वर येते. म्हणजे वर सळ्या नसतील, तर १० मिमीच्या गेजची रेंज वर्ष भरायच्या आतच संपते. टेकू काढण्यापूर्वीच शून्य वाचन घ्यावे, नाहीतर सुरुवातीचे ८ मिमी कायमचे हुकतात. त्यामुळे ५० मिमीचाच घ्यावा.

गेजची बनावट चांगली असते. गडबड होते ती स्टँडमध्ये. ३ मीटरचा लोखंडी स्टँड तापमान १० अंशांनी बदलताच ०.३६ मिमी लांब-आखूड होतो. वरच्या हिशेबात पहिल्या वर्षानंतर झोळ महिन्याला सरासरी ०.१ मिमीच वाढतो! मग ०.०१ ची अचूकता काय कामाची? वाचन पहाटे, ऊन चढण्यापूर्वी घ्या आणि शेजारी तापमान लिहा. उन्हाने वरची बाजू तापली की छताचा बीम मध्यभागी उचलला जातो, आणि झोळ कमी झाल्यासारखा दिसतो.

स्पिंडल (गेजची सरकणारी दांडी) खडबडीत काँक्रीटवर टेकवू नका. इपॉक्सीने काचेचा तुकडा चिकटवा. स्पिंडलला तेल तर मुळीच नको, धूळ धरून तो अडकतो. स्टँड खालच्या स्लॅबवर उभा असेल तर तो स्लॅबही वाकतोय, हे धरून चाला. मध्यभागी एक आणि दोन्ही आधारांजवळ एकेक असे तीन गेज हवेत. मधल्यातून टोकांची सरासरी वजा केली की कॉलमचे खचणे गळून जाते.

पहिले तीन महिने गेज, हे ठीक. पुढच्या वर्षांसाठी मात्र पियानो वायरच, म्हणजे बीमच्या लांबीभर ताणलेली बारीक पोलादी तारच बरी: एक टोक पक्के, दुसऱ्या टोकाला पुलीवरून ठरावीक वजन, मागे आरसा आणि अर्ध्या मिलिमीटरची पोलादी पट्टी. ताण तोच राहिल्याने तारेचा स्वतःचा झोळ बदलत नाही.